जवानाच्या घरची सायंकाळ

सीमेवर उभ्या असलेल्या जवानाचा गौरव करताना महाराष्ट्राने कधी हात आखडता घेतलेला नाही. साताऱ्याजवळचे अपशिंगे तर आपल्या नावासोबत ‘मिलिटरी’ हे बिरूद अभिमानाने मिरविते. परंतु त्या जवानाचे मूल शाळा सुटल्यावर कोणाच्या स्वाधीन असते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

आघाडीवर नेमणूक झाली की कुटुंब मागे ठेवावे लागते. आई नोकरीवर असली, तर दहा वर्षांचे पोर स्वतःच कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरते. सोबतीला काय, तर दूरचित्रवाणी अथवा मोबाईल! मे २०२५ मध्ये सीमेवर तोफा धडाडत असता, घटकेघटकेला नवी आवई उठविणाऱ्या त्या पडद्यासमोर अशा मुलांनी काय सोसले असेल?

इराक व अफगाणिस्तानातील युद्धांच्या काळी अमेरिकेत झालेल्या अभ्यासांचा निष्कर्ष असा, की सैनिकाची गैरहजेरी लांबली म्हणजे त्याच्या मुलाची चिंता वाढते. आणि घरी राहिलेल्या पालकाचे मन खचले, तर ती अधिकच बळावते. तेव्हा आईला आधार देणे हाच मुलावरील पहिला उपचार होय.

राज्यात सैनिकांच्या मुलांसाठी वसतिगृहे आहेत. मग शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत मुलांना सांभाळणारे अभ्यासवर्ग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी शाळांच्या सहकार्याने का काढू नयेत? आणि शेजाऱ्यांनी तरी शासनाची वाट का पाहावी? जवानाच्या गळ्यात हार घालणे सोपे आहे. त्याच्या पोराला हाक मारून सायंकाळी आपल्या घरी बसविणे, ही त्याच्या ऋणाची खरी परतफेड होय.