विजेची मोटार आणि तिचीं चाकें

डहाणू, घोलवड, तलासरी या बाजूस विजेवर चालणाऱ्या मोटारी आतां दिसूं लागल्या आहेत. अशी मोटार घेण्याचें ज्या घरीं ठरतें, त्या घरीं तिच्या किंमतीची, रंगाची व एकदां चार्ज केल्यावर ती किती किलोमीटर जाईल याची चर्चा पुष्कळ होते. चाकांची चर्चा झालीच तर ती केवळ शोभेची होते. दुकानांत मोठमोठ्या चकचकीत रिमा मांडलेल्या असतात, आणि मुलें वडिलांच्या मागें लागतात कीं, आपल्या गाडीस ह्याच बसवाव्या. हा हट्ट पुरविण्यापूर्वीं विद्यार्थ्यांनीं थोडें गणित करावें व पालकांनीं थोडा विचार करावा, एवढ्याचसाठीं हा लेख आहे. आमचें मत आरंभींच सांगतों : कारखान्यानें त्या गाडीसाठीं जीं मापें ठरवून दिलीं असतील, त्यांपैकीं सर्वांत लहान रिमेचें माप हेंच आपल्या भागांत बहुतेकांस सुरक्षित, टिकाऊ व काटकसरीचें आहे.

प्रथम टायरच्या बाजूवर उमटविलेलें माप वाचावयास शिकलें पाहिजे. टाटांची विजेवर चालणारी नेक्सॉन ही मोटार २०२० सालीं बाजारांत आली; तिच्या टायरचें माप ‘२१५/६० आर १६’ असें होतें. यांतील २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरांत. ६० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ६०, अर्थात् १२९ मिलिमीटर. ‘आर’ हें अक्षर असें दर्शवितें कीं, टायरच्या भिंतींतील दोरे चाकाच्या आऱ्यांप्रमाणें मध्याकडून बाहेर गेलेले आहेत. शेवटचे १६ म्हणजे रिमेचा व्यास, इंचांत. १६ इंच म्हणजे ४०६ मिलिमीटर. त्यांत वरची व खालची अशा दोन भिंतींचे २५८ मिळविले म्हणजे सबंध चाकाचा व्यास ६६४ मिलिमीटर होतो. २०२२ सालीं आलेल्या टियागो या लहान विजेच्या गाडीचें माप १७५/६५ आर १४ होतें. त्या चाकाचा व्यास विद्यार्थ्यांनीं आपला आपण काढून पाहावा. उत्तर ५८३ च्या जवळपास आलें पाहिजे.

आतां कोणी हौशी मनुष्य या नेक्सॉनला १८ इंची रिम बसवूं इच्छितो असें समजूं. सबंध चाकाचा व्यास फार बदलून चालत नाहीं. तो वाढला तर चाक मडगार्डास घांसूं लागतें व वेगाचा कांटा खऱ्याहून कमी वेग दाखवितो. घटला तर गाडीचें पोट रस्त्याकडे खालीं येतें, आणि विजेच्या मोटारींत बॅटरी बहुधा पोटाशींच बसविलेली असल्यामुळें हा दोष लहान नव्हे. म्हणून २२५/४५ आर १८ यासारखें एखादें माप सुचविण्यांत येतें. त्याचा व्यास ६६० मिलिमीटर भरतो; म्हणजे चाक पूर्वीहून उंच झालेंच नाहीं. मग बदललें काय? टायरची भिंत १२९ मिलिमीटरांवरून १०१ वर आली. ग्राहकानें पैसे मोजून धातु वाढविला व हवा कमी केली, एवढाच या व्यवहाराचा अर्थ.

येथें कोणी म्हणेल, आपल्या बैलगाडीचें चाक चांगलें उंच असतें व तें खड्ड्यांतून सहज निघतें. मग मोटारीसच मोठी रिम वाईट कशी? शंका योग्य आहे. परंतु खड्डा ओलांडण्यास उपयोगी पडतो तो सबंध चाकाचा व्यास, आणि तो तर येथें वाढलेलाच नाहीं. बैलगाडीच्या चाकांत तुंब्यापासून लोखंडी धांवेपर्यंत सर्वच कठीण. तिला उंचीचाच काय तो आधार. मोटारीच्या चाकांत रस्त्याचा आघात प्रथम सोसते ती हवा. बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं १८८८ सालीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीस हवेची रबरी नळी बसविली, ती कठीण चाकांचे हादरे चुकविण्यासाठींच. पुढें १८९९ सालीं ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा प्रथम ओलांडणारी मोटार विजेचीच होती, आणि तीहि हवेच्या टायरांवरच धांवली. ती हवा आपण होऊन कमी करणें म्हणजे बैलगाडीच्या चाकाकडे परत जाणें, आणि तेंहि त्याच्या उंचीवांचून!

आपल्या रस्त्यांचें रूप पाहूं. राष्ट्रीय महामार्ग ४८ हा चारोटी व तलासरीवरून आच्छाडकडे गुजरातच्या सीमेस जातो. तेथें वाहनें सरळ व वेगानें धांवतात. परंतु आपल्यांतील बहुतेकांचीं घरें, वाड्या व शाळा महामार्गावर नाहींत. चारोटीहून कासा-जव्हारकडे, तलासरीहून उधव्याकडे किंवा किनाऱ्यानें बोर्डी-झाईकडे वळलें कीं, अरुंद रस्ते, गतिरोधक, मोऱ्या आणि पावसाळ्यांत पाण्यानें भरलेले खड्डे यांच्याशीं गांठ पडते. पाण्याखालीं खड्डा किती खोल आहे हें चालकास दिसत नाहीं. उंच भिंतीचा टायर अशा वेळीं दबतो व पुन्हां उभा राहतो. ठेंगण्या भिंतीचा टायर खड्ड्याची कड व रिमेची कड यांच्यामध्यें चिमटतो. आंतील दोरे तुटतात, बाजूस फुगा येतो, आणि असा टायर टाकूनच द्यावा लागतो. कित्येक नव्या विजेच्या गाड्यांत पांचवें चाक देतच नाहींत. पंक्चर बुजविण्याचा द्रव व हवेचा पंप एवढेंच साहित्य असतें, आणि त्यानें फाटलेली भिंत सांधली जात नाहीं. रात्रीच्या पावसांत, आजारी माणूस गाडींत असतांना असा प्रसंग ओढवला, तर त्या चकचकीत रिमेचा उपयोग काय?

दुसरा मुद्दा विजेच्या खर्चाचा. अमेरिकेंतील टेस्ला कंपनीच्या ‘मॉडेल एस प्लॅड’ या मोटारीचे तेथील सरकारी पद्धतीनें काढलेले २०२१ सालचे आंकडे बोलके आहेत. बॅटरी तीच, मोटार तीच. १९ इंची चाकांवर एका चार्जमध्यें ३९६ मैल, म्हणजे सुमारें ६३७ किलोमीटर, आणि २१ इंची चाकांवर ३४८ मैल, म्हणजे ५६०. शेंकडा १२ अंतर केवळ चाकांपायीं गेलें. याचें कारण शाळेंतील पदार्थविज्ञानांतच सांपडतें. रिम मोठी झाली कीं धातु आंसापासून दूर जातो, व तो फिरविण्यास अधिक जोर लागतो. रुंद टायर रस्त्याशीं व वाऱ्याशीं अधिक झगडतो. शिवाय रस्त्यावर पाणी सांचलें असतां रुंद टायर त्यावर लवकर तरंगतो, आणि मग ब्रेक व सुकाणू दोन्हीं निरुपयोगी होतात.

मात्र ‘लहान’ म्हणजे मनास येईल तें लहान नव्हे. बॅटरीमुळें विजेची गाडी तशाच पेट्रोलच्या गाडीहून जड असते, आणि निघतांना ती पहिल्या क्षणींच पूर्ण जोर लावूं शकते. दोहोंचा ताण टायरवर येतो. मापाच्या पुढें भाराचा अंक छापलेला असतो : ९५ म्हणजे एका टायरवर ६९० किलोग्राम, ९१ म्हणजे ६१५. टायर दिसावयास सारखेच, पण चार चाकांत ३०० किलोग्रामांचा फरक! कारखान्यानें सांगितलेल्या अंकाहून कमी अंकाचा टायर कितीहि स्वस्त मिळाला तरी घेऊं नये.

मोठ्या रिमेच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें आहे. ठेंगण्या भिंतीचा टायर वळणावर कमी कलतो, सुकाणूस चटकन् दाद देतो, आणि जड व वेगवान् गाडीस लागणारे मोठे ब्रेक मोठ्या रिमेंतच मावतात. अशा गाडीस कारखान्यानेंच मोठें चाक दिलें असेल तर तें काढून लहान बसवूं नये. ज्याचा बहुतेक प्रवास महामार्गावरच होतो, त्यानें कारखान्याच्या यादींतील मोठें माप घेतलें तरी आमची तक्रार नाहीं. आमचा आक्षेप गरजेस नसून देखाव्यास आहे.

पालकांनीं चालकाच्या दाराजवळील पट्टीवरचें माप व हवेचा दाब टिपून ठेवावा, आणि महिन्यांतून एकदां टायर थंड असतांना दाब तपासून घ्यावा. कमी हवेचा टायर वीजहि खातो व स्वतःहि झिजतो. कायद्यानें मोटारीच्या टायरची खांच १.६ मिलिमीटरांहून उथळ चालत नाहीं. पण आपल्याकडील पावसांत त्या हद्दीची वाट न पाहतां झिजलेले टायर मृगापूर्वींच बदलणें शहाणपणाचें होय.

विद्यार्थिमित्रहो, वर्तुळाचा व्यास, परीघ व शेंकडेवारी हीं केवळ परीक्षेसाठीं नाहींत. ६६४ मिलिमीटर व्यासाचें चाक एका किलोमीटरांत सुमारें ४७९ फेरे घेतें, आणि त्या प्रत्येक फेऱ्यांत तुमचे आईबाप व भावंडें यांचा भार तळहाताएवढ्या चार जागांवर तोललेला असतो. तेथें काय असावें हें शेजाऱ्याच्या गाडीकडे पाहून ठरवूं नये; आपला रस्ता, आपलें ओझें व आपला पाऊस पाहून ठरवावें.