दर्शनी भिंत कुणाच्या मालकीची?

होव्ह गावातल्या ब्रन्सविक स्क्वेअरमध्ये ज्याच्या मालकीचं घर आहे, त्याला ते दर पाच वर्षांनी बाहेरून रंगवावंच लागतं आणि तेही ठरलेल्या फिकट मलई रंगात. ही कुणा सोसायटीच्या सेक्रेटरीची हौस नाही. होव्ह नगरपालिकेसाठी १९७६ साली झालेल्या कायद्यातलं ते बंधन आहे. पहिल्यांदा ऐकताना हा जाच वाटतो. मला मात्र समुद्रकाठच्या जुन्या वास्तूंसाठी याहून शहाणा कायदा ठाऊक नाही.

होव्ह म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटनला चिकटलेलं गाव. डॉ. रिचर्ड रसेल यांनी १७५० साली समुद्राच्या पाण्याच्या औषधी गुणांवर ग्रंथ लिहिला. १७८३ मध्ये युवराज, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, ब्रायटनला पहिल्यांदा आला. कोळ्यांच्या या वस्तीत मग लंडनची बडी मंडळी हंगामापुरती राहायला येऊ लागली. त्यांना समुद्रासमोर घर हवं होतं आणि तेही राजवाड्याच्या थाटाचं. पण समुद्रासमोरची जागा किती पुरणार? त्यावरचा तोडगा म्हणजे भिंतीला भिंत लावून उभी केलेली घरांची रांग. एकेक घर अरुंद आणि उंच. तळघरात स्वयंपाकघर, पहिल्या मजल्यावर उंच छताचा दिवाणखाना, माळ्यावर नोकरांच्या खोल्या. रस्त्यावरून पाहणाऱ्याला मात्र ती घरं दिसतच नाहीत. त्याला एकच लांबलचक महाल दिसतो.

वास्तुविशारद चार्ल्स ऑगस्टिन बस्बी यानं १८२४-२५च्या सुमारास ब्रन्सविक टेरेस, म्हणजे समुद्रासमोरची घरांची रांग, आणि तिच्यामागचा स्क्वेअर यांचे आराखडे केले. टेरेसवरचे कॉरिंथियन खांब दोन-दोन मजले चढत जातात. सगळी रांग डोळ्यांत भरली की त्यांचा ताल कळतो. त्यातलं एकच घर वेगळं काढलं तर ते खांब विनाकारण मोठे वाटतील. स्क्वेअरमधली घरं समुद्राशी काटकोनात चढावर आहेत, म्हणून त्यांचे दर्शनी भाग अर्धगोल फुगवून बाहेर काढले आहेत. त्यामुळे मागच्या घरातल्या खिडकीतूनही तिरक्या नजरेनं पाणी दिसतं. बस्बीची ही युक्ती मला त्या भव्य खांबांपेक्षा जास्त आवडते.

ब्रायटनच्या दुसऱ्या टोकाला, केम्प टाउनमध्ये, व्यवहार आणखी उघड होता. थॉमस रीड केम्प या खासदारानं १८२३ पासून वसाहत बांधायला घेतली. दर्शनी भाग एकसारखे उभे राहिले. आतली रचना ज्यानं घर घेतलं त्यानं आपल्या मर्जीनं करून घ्यावी, असा रिवाज होता. बाहेरचं रूप सगळ्यांचं, आतलं घर ज्याचं त्याचं. या उद्योगात दोघेही बुडाले. बस्बीचं दिवाळं निघालं आणि १८३४ मध्ये तो वारला. केम्पला १८३७ मध्ये देणेकऱ्यांपायी देश सोडावा लागला. पाहुणे तरीही येत राहिले. मुंबईत ससून डॉक बांधणारे अल्बर्ट ससून म्हातारपणी याच किनाऱ्यावरच्या ईस्टर्न टेरेसमध्ये राहिले आणि १८९६ मध्ये ब्रायटनलाच वारले. स्वतःसाठी त्यांनी जवळच घुमटाची समाधी बांधून घेतली होती. पुढे तिचं मद्यगृह झालं.

आता त्या महालाच्या भिंतीच्या आत बघू. गिलावा खरवडला की खाली घडीव दगड क्वचितच सापडतो. ब्रायटनच्या कितीतरी जुन्या घरांच्या भिंती ‘बंगरूश’च्या आहेत. दोन्ही बाजूंना फळ्या लावायच्या, मध्ये गारगोट्या, विटांचे तुकडे, वाळू, चुना, हाताला येईल ते ओतायचं आणि सुकल्यावर फळ्या काढायच्या. अशी भिंत फार भिजली तर विरघळू लागते, अगदी कोरडी पडली तर भुसभुशीत होते. तिच्यावर गिलावा चढवून त्यात दगडाच्या सांध्यांसारख्या रेघा ओढल्या, तैलरंग दिला, की झाली संगमरवराला शोभेलशी इमारत! याला कुणी फसवणूक म्हणतात. मी म्हणणार नाही. हलक्या सामानातून इतका भारदस्त रस्ता उभा करणं हे मोठं कसब आहे. त्याची किंमत एवढीच की तो गिलावा कायम धड ठेवावा लागतो. तो रंग म्हणजे त्या भिंतीचा रेनकोट आहे.

कायद्याचं शहाणपण इथेच आहे. खारा वारा आणि तिरका पाऊस वर्षभर या घरांवर आपटत असतो. एका घराच्या गिलाव्याला तडा गेला की पाणी आत शिरतं आणि भिंत सामाईक असल्यामुळे ओल शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात उमटते. रांगेतल्या घरात दुर्लक्ष हा खासगी मामला राहतच नाही. हेळसांड झाली तर काय होतं, ते पाहायला लांब जायला नको. ब्रन्सविक टेरेसला खेटून १९३५ची काँक्रीटची ‘एम्बसी कोर्ट’ आहे, वास्तुविशारद वेल्स कोट्स यांची देखणी आधुनिक इमारत. तिथे मालकीचे वाद वर्षानुवर्षं चालले, लोखंड गंजलं, काँक्रीटचे पोपडे सुटले आणि इमारत पार रया जाण्याच्या टोकाला पोचली. २००५च्या सुमारास ती पुन्हा नीट झाली, तीही रहिवाशांनी कंबर कसली म्हणून.

ज्या होव्ह नगरपालिकेच्या नावानं रंगाचा कायदा झाला, त्याच पालिकेत १९४५ मध्ये ब्रन्सविकची ही रांग पाडून नव्या इमारती बांधण्याचा विचार चालू होता. त्याविरुद्ध नागरिक एकत्र आले, रीजन्सी सोसायटी स्थापन झाली आणि घरं वाचली. पाडण्याच्या गोष्टीपासून रंगाच्या सक्तीपर्यंत यायला एकतीस वर्षं लागली.

तक्रार एकच खरी आहे, खर्चाची. आज बहुतेक घरांचे फ्लॅट झाले आहेत. पाच-सहा मजली परांची बांधून रंग देणं ही पगारदार माणसासाठी लहान गोष्ट नाही. त्यात जलाभेद्य रंग किंवा सिमेंटचा गिलावा मारला तर ओल आतच कोंडते आणि पैसे घालून नुकसान विकत घेतलं जातं. चुन्याच्या भिंतीला चुन्याचंच काम लागतं, ते जाणणारा कारागीर लागतो आणि तो महाग असतो. ज्या रस्त्याचं रूप बघायला सगळं जग येतं, त्या रस्त्याचा सगळा भार घरमालकांवर टाकणं न्याय्य नाही. सक्ती असावीच, पण तिच्या जोडीला सार्वजनिक पैशातून वाटाही असावा.

मुलाबाळांकडे लंडनला जाणाऱ्यांनी ब्रायटनची एक दिवसाची सहल आखली, तर चौथ्या जॉर्जचा ‘रॉयल पॅव्हिलियन’ हा राजवाडा बघून परत फिरू नका. किनाऱ्यानं पश्चिमेकडे चालत ब्रन्सविक स्क्वेअरला जा. तिथलं तेरा नंबरचं घर १८२०च्या दशकातल्या रूपात परत आणण्याचं काम गेली अनेक वर्षं चालू आहे. ते कोणत्या दिवशी उघडं असतं, एवढं निघण्यापूर्वी पाहून घ्या.