तिसरा पक्ष थांब्यावरच

८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, त्या दिवशी अमेरिकेचे केंद्र सरकार बंद पडून आठवडा उलटला होता. तेथील संसदेने खर्चास मंजुरी न दिल्याने १ ऑक्टोबरला सुरू झालेली ही टाळेबंदी ४३ दिवस चालली. विमानवाहतूक नियंत्रक ‘अत्यावश्यक’, म्हणून त्यांना घरी बसण्याची मुभा नाही. तिजोरीला कुलूप, म्हणून वेतनही नाही. अखेर मनुष्यबळ इतके रोडावले की, नोव्हेंबरमध्ये ४० प्रमुख विमानतळांवरील उड्डाणे कमी करण्याचा आदेश सरकारलाच काढावा लागला. खोळंबला तो प्रवासी.

आपल्या राज्यघटनेने ही आपत्ती टाळली आहे. येथे लेखानुदानाची सोय आहे आणि अर्थसंकल्प फेटाळला गेलाच तर सरकार जाते, कचेऱ्या चालू राहतात. याविषयी समाधान वाटणे स्वाभाविक आहे. तथापि नवी मुंबईकराने ते मानून घेण्यापूर्वी २०२१ ची दिवाळी आठवावी.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला होते, भाऊबीज ६ ला. ऑक्टोबरच्या अखेरीस एस. टी. कर्मचाऱ्यांनी आरंभिलेले उपोषण महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता मान्य झाल्यावर मिटेल, असे वाटले होते. ते मिटले नाही. भाऊबीज उरकून माणसे परतू लागली आणि राज्यातील अडीचशे आगारे एकामागून एक बंद होत गेली. मागणी एकच उरली होती: महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण.

नवी मुंबई हे गावाकडून आलेल्यांचे शहर. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे आखीव नगर उभे राहिले. पण त्यात राहावयास आलेल्यांची नाळ सातारा, सांगली, जुन्नर, रत्नागिरीशीच जोडलेली राहिली. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात पाठीवर पोती वाहणारा माथाडी कामगार कोपरखैरणे-घणसोलीत राहतो. त्याचे म्हातारे आईवडील मात्र पाटण-जावळीच्या डोंगरात असतात. पनवेलचे बसस्थानक हे त्याच्या दृष्टीने घराचे दार. पुण्याचा आणि गोव्याचा, दोन्ही रस्ते येथूनच फुटतात. ते दार दिवाळीच्या ऐन गर्दीत बंद झाले.

‘शहरात लोकल आहेच की’ असे तेव्हा म्हटले गेले. ते पुरते खरे नव्हते. लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांनाच त्या काळात लोकलमध्ये प्रवेश होता. उरणची रेल्वे खारकोपरला येऊन थांबत होती. ती उरणपर्यंत पोहोचण्यास जानेवारी २०२४ उजाडले. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये धावली. तेव्हा उरण, पनवेल तालुक्यांतील गावकऱ्यास एस. टी. आणि महापालिकेची बस यांपलीकडे सार्वजनिक वाहन असे नव्हतेच. दीड वर्षाच्या खंडानंतर ग्रामीण भागातील शाळा ४ ऑक्टोबरला पुन्हा उघडल्या होत्या. अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासवर शाळेस जाणाऱ्या मुलींची शाळा महिनाभरातच पुन्हा अडली. खासगी जीपवाला पास पाहत नाही.

शासनाने यावर काढलेला तोडगा मासलेवाईक होता. खासगी बस, शाळांच्या बस, कंपन्यांच्या बस, इतकेच नव्हे तर मालवाहू वाहने यांनाही प्रवासी नेण्याची परवानगी देण्यात आली. मालवाहू वाहनातून माणसे नेणे हा एरवी दंडनीय प्रकार. राज्याने आपल्या नागरिकांसाठी तोच अधिकृत पर्याय ठरविला. भाडे दुपटी-तिपटीवर गेले. कळंबोलीच्या चौकात पिशव्या सांभाळत उभ्या असलेल्या कुटुंबांजवळ घासाघीस करण्यास वाव नव्हता.

एवढे सांगून कर्मचाऱ्यांना दोषी ठरविणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही. टाळेबंदीच्या काळात परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत पोहोचविले ते याच चालक-वाहकांनी. त्याच काळात त्यांचे वेतन महिनोन् महिने रखडत होते. अनेकांनी आत्महत्या केल्या. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी शासनाने वाढ जाहीर केली, तीत १० वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना मूळ वेतनात ५ हजार रुपये मिळाले; आणि त्याच घोषणेत वेतन दरमहा १० तारखेच्या आत देण्याची हमी देण्यात आली. महिन्याच्या महिन्याला पगार होईल, ही गोष्ट सवलत म्हणून जाहीर करावी लागते, यातच कामगारांच्या रोषाचे कारण दडलेले आहे.

मुळात एस. टी. हे सरकार आहे की नाही, याचे उत्तर शासन आपल्या सोयीने देत आले आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली. पुढे १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने ही सेवा व्यावसायिक तत्त्वांवर चालवावी असे सांगितले. दुर्गम वाडीवर तोट्याची फेरी सोडावयाची, ज्येष्ठांना आणि विद्यार्थ्यांना सवलत द्यावयाची, निवडणुकीच्या पेट्या वाहावयाच्या, तेव्हा एस. टी. सरकारची. तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर घ्यावयाचा आणि वेतनाचा प्रश्न आला की हात झटकावयाचे, तेव्हा ती स्वायत्त महामंडळ. संप होताच पुन्हा ती अत्यावश्यक सेवा ठरते आणि ‘मेस्मा’चा इशारा दिला जातो. सेवा अत्यावश्यक असेल तर ती देणाऱ्याचे वेतनही अत्यावश्यक मानले पाहिजे, हे साधे सूत्र ना अमेरिकेला उमगले, ना महाराष्ट्राला.

मात्र कामगारांची बाजू रास्त असणे आणि त्यांनी निवडलेली वेळ रास्त असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१७ चा संप ऐन दिवाळीत झाला. २०२१ चा दिवाळीला लागून. २०२४ चा संप ३ सप्टेंबरला सुरू झाला. गणेश चतुर्थी ७ ला होती. यात योगायोग नाही. सण जितका जवळ, तितका प्रवासी अगतिक, आणि प्रवासी जितका अगतिक तितके सरकार नमते. २०२४ मध्ये ते दुसऱ्याच दिवशी नमले. वेतनात साडेसहा हजारांची वाढ देऊन संप मिटला. कोकणात जाणाऱ्या चाकरमान्याला हायसे वाटले खरे, पण त्याच्या गणपतीचा ओलीस म्हणून उपयोग झाला, हे विसरता येत नाही.

भारतीय मजदूर संघाचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी यांनी औद्योगिक संबंधांत मालक आणि कामगार यांच्या जोडीला ग्राहक हा तिसरा पक्ष मानला, आणि ग्राहकाचे हित हे राष्ट्रहिताच्या सर्वांत निकट असते अशी मांडणी केली. संप हा वर्गयुद्धाचा डावपेच मानणाऱ्यांना हा विचार रुचणारा नव्हता. पण पनवेलच्या फलाटावर ताटकळणारा प्रवासी कोणत्या वर्गाचा शत्रू होता? बहुतांशी तोही हातावर पोट असणाराच.

हा विचार व्यवहारात उतरविणे अशक्य आहे असेही नाही. इटलीने १९९० मध्ये कायदा करून अत्यावश्यक सेवांतील संपाचा हक्क अबाधित ठेवला आणि त्यास मर्यादाही घातल्या. पूर्वसूचना हवी, कामावर जाण्या-येण्याच्या तासांत गाड्या सोडल्याच पाहिजेत, सणासुदीच्या गर्दीत वाहतुकीचा संप नाही. आपल्याकडे मात्र एकतर सारे चालू, नाहीतर सारे बंद. शाळेची सकाळची फेरी आणि रुग्णालयाच्या मार्गावरील गाडी संपातही चालेल, असा करार कोणत्याही संघटनेने देऊ केला नाही आणि कोणत्याही सरकारने मागितला नाही. त्या बदल्यात वेतनाचा वाद ठरलेल्या मुदतीत निवाड्यास नेण्याची हमी शासनाने दिली असती, तर कदाचित बोलणी वेगळ्या वळणावर गेली असती.

नवी मुंबईस तर याचा अनुभव जुना आहे. सिडकोने सुरू केलेली ‘बीएमटीसी’ ही बससेवा १९८४ मध्ये बंद पडली. तिच्या कामगारांचा भरपाईचा प्रश्न पुढे कित्येक दशके भिजत पडला, आणि शहरास स्वतःची बस पुन्हा मिळाली ती १९९६ मध्ये महापालिकेची परिवहन सेवा सुरू झाल्यावर.

२०२१ चा संप सुमारे साडेपाच महिने चालला. हजारो कर्मचारी निलंबित वा बडतर्फ झाले. उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर रुजू होण्याची मुदत दिली, तेव्हा गाड्या पुन्हा धावू लागल्या. विलीनीकरण शक्य नाही, असा अहवाल समितीने दिला होता. विरोधी बाकांवरून या मागणीस पाठिंबा देणारे त्याच वर्षी जूनमध्ये सत्तेवर आले, पण विलीनीकरण त्यांनीही केलेले नाही, हेही नोंदविले पाहिजे.

न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या त्या समितीत तिघे होते: मुख्य सचिव आणि आणखी दोन वरिष्ठ अधिकारी. कर्मचारी संघटनांनी आपली बाजू मांडली, शासनाने आपली. महामंडळासाठी सल्लागार मंडळ नेमण्याची तरतूद १९५० च्या कायद्यातच आहे. प्रवाशाला तेथे बसविण्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही.