लसणाच्या पाकळीत नफा नाही

बियाण्यांचे संशोधन कंपन्यांनी करावे आणि सरकारने बाजूला व्हावे, हा उपदेश गेली तीस-पस्तीस वर्षे अखंड चालू आहे. चाकणच्या मोटार कारखान्यांकडे बोट दाखवून तो अधिकच जोराने केला जातो. भांडवलाला मोकळीक दिली की माळरानावरही सोने पिकते, हे जणू तेथे सिद्धच झाले आहे! कारखान्यांपूर्वी चाकणची ओळख कांद्याच्या बाजाराची होती आणि ती अद्याप पुसलेली नाही, याचा या मंडळींना विसर पडतो.

त्याच नाशिक रस्त्यावर पुढे राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. १९९४ साली नाशिकला स्थापन झालेली ही संस्था १९९८ मध्ये येथे आली. 'भीमा शक्ती', 'भीमा सुपर' हे कांदे आणि 'भीमा ओंकार', 'भीमा पर्पल' हे लसूण तिचेच. यांतील लसणाची गोष्ट विशेष बोधक आहे. लसणाला बी धरत नाही. पाकळीच लावावी लागते. त्यामुळे एकदा शिरलेला विषाणू पिढ्यान्‌पिढ्या बेण्यातून उतरत जातो आणि उत्पन्न घटते. शेंड्याच्या पेशींपासून रोप वाढवायचे, रेण्वीय चाचणीने ते निर्विष असल्याची खात्री करायची आणि मग बेणे वाढवायचे, हाच त्यावरचा उपाय. परंतु एकदा बेणे नेलेला शेतकरी पुढे घरचेच लावणार. मग कंपनी त्यात पैसा का घालील? दरवर्षी विकत घ्यावे लागणारे संकरित कांद्याचे बी तिला अधिक प्रिय असणार, हे उघड आहे.

आपण उपवासाला साबुदाणा ज्या कंदाचा खातो, तो कसावा आफ्रिकेतील कोट्यवधी गरिबांचे रोजचे अन्न आहे. तोही कांड्या लावूनच वाढतो, त्यालाही विषाणूंनी ग्रासले आहे आणि तोही कंपन्यांना नकोसा आहे. तेथील रेण्वीय संशोधन बव्हंशी परदेशी देणग्यांवर उभे राहिले. २०२५ साली अमेरिकेने आपली परदेशी मदतीची संस्थाच मोडीत काढली, तेव्हा आफ्रिकेतील अनेक शेती संशोधन प्रकल्प अर्ध्यावर थांबले. दात्याची मर्जी फिरली, की विज्ञान उघड्यावर पडते.

डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीने कांदा मातीमोल झाला, तेथे प्रयोगशाळा काय करणार, असे काही कार्यकर्तेही विचारतात. प्रश्न रास्त आहे. प्रयोगशाळा भाव देत नाही. मात्र लढून मिळवलेला भाव बियाण्याच्या बिलातून परत काढून घेतला जातो, हेही तितकेच खरे.

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा इतिहास येथे आठवावा. १९५४ साली उभ्या राहिलेल्या या सार्वजनिक कारखान्याने नुसते पेनिसिलीन बनवले नाही. त्याच्या प्रयोगशाळेत डॉ. थिरुमलाचार व सहकाऱ्यांनी हॅमायसिन शोधले, पिकांवरील बुरशीसाठी ऑरिओफंगिनही दिले. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनीची देणी भागवण्यासाठी तिची जमीन विकण्याचा निर्णय घेतला. यंत्रे पुन्हा विकत घेता येतात. जाणती माणसे एकदा पांगली, की घडवायला दुसरी पिढी लागते.

म्हणून राजगुरुनगरच्या संस्थेत तरुण संशोधकांना प्रकल्पापुरत्या कंत्राटावर न ठेवता कायम नेमणुका द्या, निर्विष बेणे तालुक्यातालुक्यांत शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांमार्फत वाढवा आणि सार्वजनिक पैशातून निघालेल्या वाणावर कोणत्याही कंपनीला मक्ता देऊ नका, ही मागणी हमीभावाच्या मागणीबरोबरच खेड तालुक्याच्या प्रत्येक मोर्चात असली पाहिजे.