आमच्या बाळाला ‘न्यूट्रल’ नाव नको

माझ्या बायकोला सातवा महिना लागलाय. मुलगा की मुलगी हे सांगायला कायद्याने बंदी आहे, म्हणून लोक पुढचा प्रश्न विचारतात : नाव काय ठेवणार? आणि उत्तराची वाट न बघता सल्लाही देतात, “न्यूट्रल ठेवा. धर्म कळू नये असं.”

सल्ला देणारे वाईट नाहीत. ऑफिसातले मित्र आहेत, रोज डबा वाटून खाणारे. पुण्यात भाड्याचं घर शोधताना आमचं काय झालं, ते त्यांनी पाहिलंय. फोनवर माझं मराठी ऐकून एजंट खूश व्हायचा. मग आडनाव विचारायचा. संध्याकाळपर्यंत फ्लॅट ‘गेलेला’ असायचा. तीनदा झालं असं. बाळाच्या वाट्याला हे येऊ नये, ही त्यांची कळकळ खरी आहे. तरीही सल्ला चुकीचा आहे.

न्यूट्रल म्हणजे काय, म्हणून मी उदाहरणं मागितली. आरव, विहान, अन्वी. छान नावं आहेत, पण सगळी संस्कृत वळणाची. त्यांत धर्म दिसत नाही, कारण तो बहुसंख्यांचा आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला डिफॉल्ट म्हणतो. फॉर्ममधला एखादा रकाना आधीच भरलेला असतो. ज्याचं उत्तर तेच, त्याला तो रकाना दिसतही नाही. बाकीच्यांना दरवेळी खोडून लिहावं लागतं. डिफॉल्ट म्हणजे तटस्थ नव्हे.

माझं संस्कृत नावांशी भांडण नाही. बायकोचंच नाव संस्कृत आहे. सासऱ्यांना ते आवडलं म्हणून त्यांनी ठेवलं, लपण्यासाठी नाही. फरक तेवढाच आहे आणि तोच महत्त्वाचा आहे.

आता ‘परकं’ नाव बघू. माझ्या आजोबांचं नाव इनास. पोर्तुगीजांना वसई १५३४ मध्ये मिळाली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. पोर्तुगीज गेले, नावं राहिली आणि वसईकरांच्या जिभेवर घासून गुळगुळीत झाली. इग्नेशियसचा इनास झाला, सेबॅस्टियनचा बस्त्याव. माझे इनास आजोबा बावखलाच्या पाण्यावर केळी पिकवायचे, रविवारी मराठीत मिस्सा ऐकायचे आणि घरात कादोडी बोलायचे. ही बोली वसईतले सामवेदी ब्राह्मणही बोलतात. या नावात मराठी नाही ते नेमकं काय, हे मला कुणी समजावून सांगावं.

आणि मराठीपण सिद्ध करून तरी काय होतं? वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो आयुष्यभर मराठीत लिहीत राहिले. त्यांनी बायबल सुबोध मराठीत आणलं. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या निवडीला धर्मावरून विरोध झालाच. एवढं लेखन ज्यांना पुरलं नाही, त्यांना माझ्या बाळाचं ‘आरव’ हे नाव कसं पुरणार? आडनाव तर खाली राहणारच आहे.

“पण त्या बाळाने का भोगावं?” हा प्रश्न मलाही रात्री छळतो. बाळाला मी झेंडा करणार नाही. मोठेपणी नाव बदलावंसं वाटलं तर खुशाल बदलावं. पण भीतीपोटी आज मी नाव लपवलं, तर एजंट काही बदलणार नाही. बदलेल ते आमचं घर. पणजोबांचं नाव ही चारचौघांत न सांगण्याची गोष्ट आहे, हे बाळ सगळ्यात आधी आमच्याकडूनच शिकेल. एजंटने दार लावलं तर दोष त्याचा. पण दारामागे लपायला मी शिकवलं, तर दोष माझा.

म्हणून मित्रांनो, कामाची वाटणी करू. नावाचं आम्ही बघतो. तुमच्या सोसायटीत कुणी आडनाव ऐकून भाडेकरू नाकारला, तर तेव्हा तुम्ही तोंड उघडा. कळकळ तिथे कामी येईल.

मुलगा झाला तर इनास. मुलगी झाली तर बायकोच्या आजीचं नाव, आग्नेस. बाप्तिस्म्याला वसईला या. जेवण आमच्याकडे आहे, त्या दिवशी डबा आणू नका.