भीमथडीची घोडी भीमेकाठीच राहू द्या

शहर सोडायचं, गावाकडे थोडी जमीन घ्यायची, चार खोल्यांचं घर बांधायचं आणि दारात घोडा ठेवायचा, असं मनात धरून बसलेली माणसं पुण्यात बरीच आहेत. आम्ही हडपसरचा फ्लॅट सोडून खुटबावला राहायला आलो आणि दारात घोडी आली, तेव्हापासून अशा माणसांचे फोन मला येत असतात. जमिनीचा भाव, पाणी, रस्ता हे विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मारवाडी घ्यावा की काठियावाडी? काहींनी सारंगखेड्याच्या बाजारात जाऊन घोडा पाहूनही ठेवलेला असतो. मी सगळ्यांना एकच सांगते. भीमेच्या खोऱ्यात राहायला येताय, तर भीमथडी घ्या.

पुण्याहून दौंडची गाडी पकडली की हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत आणि मग खुटबाव. शहर सोडून या रुळांच्या कडेला येऊन राहण्याची परंपरा जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, दुष्काळ आणि प्लेगच्या दिवसांत, पुण्यातलं बिऱ्हाड आमच्या पुढच्याच स्टेशनाजवळ, केडगावला हलवलं. निराधार मुलीबायकांसाठी तिथे मुक्ती सदन उभं केलं, आणि १९२२ मध्ये त्यांनी देह ठेवला तोही केडगावातच. मणिभाई देसाई १९४६ मध्ये गांधीजींबरोबर उरुळी कांचनला आले आणि गांधीजी परतल्यावरही तिथेच राहिले. १९६७ मध्ये त्यांनी बाएफ ही संस्था सुरू केली आणि संकरित गाईंचं काम तिथून राज्याबाहेर पोचलं. गाईला मणिभाई भेटले. घोड्याला या पट्ट्यात तसं कुणी भेटलं नाही.

खरं तर घोडा इथल्या मातीतला. वाळकी आणि रांजणगाव सांडसच्या अंगाला मुळा-मुठा भीमेला मिळते, आणि या नदीच्या दोन्ही थड्यांवर वाढलेली तट्टं मराठ्यांच्या फौजेत होती. बाहेरून आलेल्या अरबी-तुर्की घोड्यांचं रक्त आणि दख्खनच्या माळावरचं काटक तट्टू, यांच्यातून भीमथडी ही जात घडली असं मानतात. उंचीला कमी, पायाला पक्की, कमी चाऱ्यावर लांबची मजल मारणारी. १७५८ मध्ये मराठी फौज अटकेपर्यंत गेली, ती अशा घोड्यांशिवाय जाणं शक्य नव्हतं. पलीकडे शिरूर तालुक्यात आलेगाव पागा नावाचं गाव आजही आहे. शिरूरच्या छावणीत १८१७ च्या पुणे तहानंतर इंग्रजांनी घोडदळ उभं केलं. भारतीय सैन्यातली आजची पूना हॉर्स ही रणगाड्यांची पलटण आपला आरंभ त्या घोडदळापासून सांगते. म्हणजे घोडा घेऊन इथे राहायला येणारा माणूस काही नवीन करत नाही. मोडत आलेली एक गोष्ट तो पुन्हा धरतो आहे, फक्त घोडा इथला असला पाहिजे.

आता आजची स्थिती पाहा. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती. २०१९ च्या गणनेत ती तीन लाख चाळीस हजारांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी गेली. भीमथडीला तर स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंदच नव्हती. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने ती जानेवारी २०२४ मध्ये केली. त्याच्या आदल्या वर्षी महाराष्ट्राने राज्यगीत स्वीकारलं आणि त्यात भीमथडीच्या तट्टांचं नाव आहे. आमच्या शाळेतली पोरं ते गीत खड्या आवाजात म्हणतात. त्यातल्या किती पोरांनी भीमथडी पाहिली असेल, हा प्रश्न मला छळतो, कारण ती त्यांच्या गावाच्या शिवेवरून दरवर्षी जात असते.

जाते ती धनगरांच्या फिरत्या वाड्यांबरोबर. ही जात आजपर्यंत तगली ती सरदारांमुळे नव्हे, धनगरांमुळे, आणि त्यातही धनगर बायकांमुळे. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन वाडे निघतात, कुणी घाट उतरून कोकणात जातात, आणि पावसाच्या तोंडाला परततात. वाटेत रिकाम्या रानात मेंढ्या बसवतात, शेतकरी खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. आमच्या शेजारच्या रानात असा वाडा उतरला होता. तांबडं फुटायच्या आधी बाप्ये मेंढरं घेऊन पुढे गेले आणि मागे बायकांनी बिऱ्हाड आवरायला घेतलं. पाल उतरलं, मेंढरांभोवतीची वाघर गुंडाळली, पिठाचं पोतं, हंडे, घोंगड्या, कोंबड्यांची खुराडी. घोडीला कुणी बांधलं नव्हतं. दोघी दोन बाजूंना उभ्या राहून एकाच वेळी ओझं चढवत होत्या, दोन्हीकडचं वजन हातानेच तोलत होत्या. डावीकडे हंडा चढला की उजवीकडे पोतं. वर घोंगडीची गादी, तिच्यावर रात्री जन्मलेली दोन कोकरं, आणि सगळ्यात शेवटी एक दीड-दोन वर्षांचं पोर. घोडी कान मागेपुढे करत उभी. दोर आवळला तेव्हा फक्त पोट फुगवून तिने श्वास सोडला. एका आजींनी तिच्या मानेवर थाप मारली आणि वाडा चालू लागला.

त्याच वाड्यातली घोडी काशी आज आमच्या दारात आहे. आजींच्या मुलांनी पिकअप घेतली होती. बिऱ्हाड गाडीतून जाणार, मग चार घोड्या पोसायच्या कशाला? प्रत्येक वाड्यात हा हिशेब चालू आहे आणि तो चुकीचा आहे असं म्हणायचा मला अधिकार नाही. काशीला सोडताना आजींनी मला एवढंच सांगितलं, "पोरी, खुट्ट्याला बांधून ठिऊ नगंस तिला. घोडं चालल तर जगल."

घोडा पाळण्याबद्दल मी नंतर जे वाचलं, विचारलं, त्याचं सार हेच निघालं. घोड्याचं जठर लहान असतं आणि तो दिवसाचे अनेक तास थोडं थोडं खात, चालत राहण्यासाठी घडलेला आहे. त्याला उलटी करता येत नाही. बुरशी आलेला कडबा गेला, एकदम जास्त चंदी गेली, पाणी कमी पडलं, की पोटशूळ उठतो आणि काही तासांत जनावर हातचं जातं. म्हणून लक्षणं पाठ असायला हवीत: पुढच्या पायाने माती उकरणं, वळून वळून पोटाकडे पाहणं, लोळणं, लीद न टाकणं. आमच्याकडे हंगामात उसाचं वाढं मुबलक असतं, बैल-म्हशींना ते चालतं, पण घोडी त्यावर पोसू नये. ज्वारीचा स्वच्छ कडबा, बांधावरची हरळी, बेताने लसूणघास, भिजवलेला हरभरा थोडा. कोवळी ज्वारी अजिबात नाही. पाणी दिवसाला पंचवीस-तीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. धनुर्वाताची लस चुकवायची नाही, कारण घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा दुसरा पाळीव प्राणी नाही आणि गावात गंजक्या तारा जागोजाग असतात. मातीवर चालणाऱ्या घोडीला नाल लागतेच असं नाही, पण खूर सहा ते आठ आठवड्यांनी तासावे लागतात. नालबंद गावात मिळत नाही. आमचा गावचा गुरांचा दवाखाना गाई-म्हशींना उत्तम सांभाळतो. घोड्याची माहिती असलेला डॉक्टर आधी शोधून ठेवा, आणि शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय कुठे आहे तेही पाहून ठेवा.

रोजचा खरारा मला या सगळ्यात प्रिय. काशी उन्हात उभी राहते, मी मानेपासून सुरुवात करते, खांदा, पाठ, पोट. पाठीच्या कण्याजवळ दोन जागी केस पांढरे आहेत. वर्षानुवर्षं ओझ्याचा दोर तिथे घासला. तिथे खरारा हलका फिरवावा लागतो. मग चारही खूर उचलून तळाला अडकलेले खडे काढायचे. मागचा उजवा पाय ती आपणहून उचलून देते. ही सवय तिला आजींनी लावलेली.

बिबट्याचं सांगितलंच पाहिजे. शिरूर आणि दौंड तालुक्यांत उसाच्या फडात बिबट्या आहे, माणसं दगावली आहेत, आणि शहरातून येणाऱ्याने हा विषय वर्तमानपत्रातला म्हणून सोडून देऊ नये. शिंगरू तर त्याला सहज सापडतं. तबेल्याला वरून आणि चारी बाजूंनी जाळी हवी, दार आतून घट्ट बसायला हवं, रात्री उजेड हवा आणि संध्याकाळनंतर फडाच्या कडेने घोडी फिरवायची नाही. आधी तबेला, मग घोडी, मग उरलेल्या पैशांत घर, हा क्रम मी सगळ्यांना सांगते. लोकांना तो उलटा वाटतो.

जमिनीचंही थोडक्यात. आपल्याकडे कुळकायद्याच्या ६३ व्या कलमाने शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. फार्महाऊस म्हणून विकल्या जाणाऱ्या गुंठ्यांचे कागद वकिलाला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका. आणि पाच-दहा गुंठ्यांत घोडी ठेवायचा विचार सोडा. तेवढ्यात ती उभी राहते, चालत नाही.

घोड्याची ओढ आमच्या भागात मेलेली नाही, हे मला दिसतं. शिरूर, आंबेगाव, खेडला शर्यतीच्या घाटांत बैलगाड्यापुढे घोडी धावते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालाने शर्यतींना पक्का आधार मिळाल्यापासून चांगल्या घोडीला पुन्हा मोल आलं आहे. तुकोबांची पालखी यवत, वरवंडमार्गे जाते तेव्हा अश्वाच्या टापेखालची माती कपाळाला लावायला बाया-माणसं झेपावतात. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांची पैदास तर पुण्याच्या वेशीवर होते. हडपसरचा पूनावाला स्टड १९४६ पासूनचा आहे. पैसा आहे, हौस आहे, जाणकार आहेत. भीमथडीच्या वाट्याला मात्र यातलं फार कमी येतं. सरकारी नोंदीने नाव वाचलं. जनावर वाचायचं असेल, तर ज्याच्याकडे दोन एकर आणि महिन्याचा खर्च पेलण्याची ताकद आहे, त्याने ते पाळलं पाहिजे. ज्या धनगरांनी ते शतकानुशतकं सांभाळलं, त्यांच्या गरजा बदलल्या. हे ओझं आता शहरातून येणाऱ्या आपल्यासारख्यांनी उचलावं.

तेव्हा शहर सोडायचं नक्की असेल, तर येत्या दिवाळीनंतर दौंड-बारामतीच्या रानात उतरलेल्या एखाद्या वाड्यावर जा. विचारून जा, फोटो काढत जाऊ नका. घोड्या पाहा, बायकांशी बोला, एक दिवस त्यांच्याबरोबर चाला. किंमत सांगतील ती द्या, घासाघीस करू नका. नर शोधू नका, घोडी घ्या, आणि शक्यतो दोन घ्या, कारण एकटं घोडं झुरतं. वर्षातून एकदा तो वाडा तुमच्या रानात बसवा, म्हणजे ज्यांनी घोडी वाढवली त्यांची नजर तिच्यावर राहील. आणि घोडी फळवायची वेळ आली की दिसायला देखणा म्हणून परका घोडा आणू नका, भीमथडीच लावा.