घाट चढल्यावर पुढे काय?

गेल्या रविवारी सकाळी एक विशीतला मुलगा बोरघाट उतरून खोपोलीकडे येत होता. पाऊस नुकताच थांबला होता आणि रस्ता ओलाचिंब होता. सीट सोडून तो पुढे सरकला, सायकलच्या दांडीवर बसला, छाती हँडलवर टेकवली आणि पाय न मारता तसाच वळणं घेत खाली आला. मागून येणाऱ्या मित्रानं हे सगळं मोबाईलवर टिपलं, म्हणजे तो मित्रही ओल्या घाटात एका हातानं सायकल चालवत होता. आठवडाभर हे चित्रण कर्जत, चौक, खालापूर, खोपोली असं फिरतं आहे. मलाही ते कितीतरी जणांनी पाठवलं आणि जवळजवळ प्रत्येकानं खाली एकच गोष्ट लिहिली: याला म्हणतात सायकलवरचा ताबा!

मुलावर माझा राग नाही. विशीत माणूस असं करतो. राग आहे तो कौतुक करणाऱ्यांवर, कारण त्यांतले बरेचजण रोज रात्री टूर द फ्रान्स बघतात, डावपेचांवर तासन्‌तास बोलतात, आणि तरीही त्यांना ताबा आणि धाडस यांतला फरक कळलेला नाही. दांडीवर बसून उतरण्याची ही पद्धत जागतिक सायकल संघटनेनं १ एप्रिल २०२१पासून शर्यतींत बंद केली. जे जन्मभर हेच करतात, ज्यांच्यासाठी रस्ता मोकळा ठेवलेला असतो आणि मागेपुढे डॉक्टरांच्या गाड्या असतात, त्यांनाही ती करायला मनाई आहे. आपल्याकडे समोरून टँकर येतो.

या पद्धतीशी ज्याचं नाव सगळ्यात जास्त जोडलं गेलं, तो स्लोव्हेनियाचा माटेय मोहोरिच. बंदी आल्यावर त्यानं काय केलं, हे आपल्या मंडळींनी नीट पाहायला हवं होतं. ते पाहण्याआधी आपल्या मुंबई-पुणे शर्यतीकडे येतो, कारण माझ्या मते आपल्या भागातल्या सायकलवाल्यांच्या डोक्यातला सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

या शर्यतीवर माझं प्रेम आहे हे वाचक जाणतात. खोपोलीच्या रस्त्यावर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभ्या राहिलेल्या पिढ्या अजून आहेत. पण त्या सगळ्यांना आठवतो तो ‘घाटाचा राजा’, म्हणजे घाट सगळ्यात आधी चढणारा. पुण्यात पहिला कोण आला हे विचारलं तर थोडा वेळ विचार करावा लागतो. प्रेक्षक घाटात उभा राहतो, म्हणून त्याला घाटच दिसतो, हे साहजिक आहे. पण त्यातून एक समज घट्ट बसला: ज्याच्या मांड्यांत जोर तो खरा सायकलपटू, आणि चढ संपला की खेळ संपला.

आता मिलान-सान रेमो ही इटलीतली शर्यत घ्या. आपल्या शर्यतीशी तिचं साम्य पाहून मला दर वेळी नवल वाटतं. तिथेही आधी लांबलचक सपाटी आहे, जवळजवळ ३०० किलोमीटरच्या शर्यतीतली बहुतेक सगळी. मग शेवटाकडे पोज्जो नावाची एक टेकडी येते. चढ ३.७ किलोमीटरचा, सरासरी तीव्रता चार टक्क्यांहून थोडी कमी. खोपोली ते लोणावळा पंधरा-एक किलोमीटरांत आपण सुमारे साडेपाचशे मीटर चढतो, म्हणजे सरासरी जवळपास तीच. मधली काही वळणं दम काढणारी आहेत हे खरं, पण आकड्यांत पाहिलं तर आपला घाट पोज्जोच्या जातीचाच, फक्त चौपट लांब.

फरक आहे तो माथ्यानंतर. पोज्जोच्या माथ्यावरून शेवटची रेषा साडेपाच किलोमीटरवर असते, आणि त्यातला निम्म्याहून जास्त रस्ता अरुंद, नागमोडी उताराचा. माथ्यावर तुम्ही पाच सेकंदांनी पुढे असा की पाच सेकंदांनी मागे, निकाल त्या उतारावर फिरू शकतो. आपल्याकडे लोणावळ्याहून पुणे साठ-पासष्ट किलोमीटर. कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड. रस्ता थोडा वर-खाली होत हळूहळू उतरणारा. घाटाचा राजा खंडाळ्यात एकटा पुढे असतो आणि त्याच्यासमोर हे साठ किलोमीटर पसरलेले असतात. मागून पाच-सहाजणांचा घोळका आळीपाळीनं वारा झेलत येतो.

दुसऱ्याच्या चाकामागे राहिलं की सपाटीवर साधारण तिसरा हिस्सा जोर वाचतो. मोठ्या घोळक्यात तर याहून कितीतरी जास्त. संशोधक बर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या दाट घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात घोळक्याच्या पोटात असलेल्या माणसाला एकट्या माणसाच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के वारा अडवतो असं दिसलं. पाच-सहाजणांत एवढा फायदा मिळत नाही, पण दमलेल्या एकट्याला गाठायला तो पुरतो. म्हणून मुंबई-पुणे शर्यतीत शहाणा सायकलपटू घाटात तिसऱ्या-चौथ्या जागी राहतो, पुढच्याला नजरेआड होऊ देत नाही, लोणावळ्यात पाणी पिऊन घेतो आणि आपल्यासारखेच दोन-चार जोडीदार धरून पुण्याची वाट पकडतो. हा डावपेच आहे. तो आपल्या प्रेक्षकाला कधी दिसला नाही, कारण प्रेक्षक घाटातून तेव्हा घरी निघालेला असतो.

आणि दुसरी, माझ्या दृष्टीनं जास्त गंभीर गोष्ट: आपल्या सगळ्यात नावाजलेल्या शर्यतीत घाट फक्त चढायचा असतो. उतरायचा कधीच नसतो. उतार हा खेळाचा भाग आहे, त्याचा सराव करायचा असतो, हे मुलांना सांगणारी एकही मोठी शर्यत आपल्या दारावरून जात नाही.

आता मोहोरिच. मार्च २०२२ ची मिलान-सान रेमो. पोज्जोच्या चढावर प्रतिस्पर्धी तादेय पोगाचारनं पुन्हा पुन्हा वेग वाढवून पाहिला, पण कुणी सुटेना. माथा ओलांडला आणि मोहोरिच पुढे झाला. त्याच्या सायकलला डोंगरातल्या सायकलींना असतो तसा खालीवर होणारा सीटचा खांब होता. नियमांत बसणारा. उतारावर सीट खाली घ्यायची, म्हणजे शरीराचं वजन जमिनीजवळ येतं आणि वळणात सायकल जास्त झुकवता येते. ही कल्पना त्या सकाळी सुचलेली नव्हती. ती आधीपासून ठरवलेली, घासून तयार केलेली होती. एका ठिकाणी तो रस्त्याच्या कडेला फेकला गेला, पडतो की काय असं वाटलं, पण सावरला. आंतोनी त्युर्जी आणि माथ्यू व्हान डेर पूल त्याच्या मागे राहिले आणि तो जिंकला.

आपल्या भागातल्या चर्चेत यातलं काय उरलं? कडेला गेला आणि वाचला, तेवढंच. तो क्षण चुकीचा होता. त्याच्या आधीची आणि नंतरची वळणं बरोबर होती, आणि शर्यत त्या बरोबर वळणांनी जिंकून दिली. वळण येण्याआधी वेग उतरवायचा, वळणात ब्रेक सोडलेले, बाहेरचा पाय खाली आणि सगळं वजन त्या पायावर, नजर चाकापुढच्या खड्ड्यावर नाही तर वळण जिथे संपतं तिथे. हे इतकं शांतपणे होतं की चित्रणात त्याचं कुणाला काही वाटत नाही. उत्तम उतरणारा माणूस बघताना भीती वाटत नाही. ज्याला पाहून आपला जीव वर येतो, त्याचा ताबा सुटत आलेला असतो.

जगातले सर्वोत्तमही पडतात, हे विसरायचं नाही. २०२२ च्या टूरमध्ये स्पांदेल घाटाच्या उतारावर पोगाचार कडेच्या खडीत गेला आणि आडवा झाला. त्याच्यापुढे असलेला प्रतिस्पर्धी विंगेगार्द त्याच्यासाठी थांबला, दोघांनी हात मिळवले. त्या हस्तांदोलनावर आपल्याकडे आठवडाभर भरभरून बोललं गेलं, चांगलंच झालं. पण पोगाचार का पडला, हे मी एकाच्याही तोंडून ऐकलं नाही. वळणाबाहेर रेषा गेली आणि चाक खडीवर आलं, म्हणून पडला. आणि जून २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आल्बुला घाट उतरताना सायकलपटू जीनो मेडर दरीत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. वय २६. आयुष्यभर डोंगरात सायकल चालवलेला माणूस.

आपल्या घाटाची गोष्ट तर आणखी वेगळी. शर्यतीत रस्ता बंद असतो, म्हणून सायकलपटू रस्त्याची पूर्ण रुंदी वापरतात. वळणात बाहेरून आत आणि आतून पुन्हा बाहेर जातात. ती रेषा टीव्हीवर पाहून खोपोलीच्या घाटात, नेरळ-माथेरानच्या रस्त्यावर घेणारी मुलं मी पाहतो तेव्हा काळजाचा ठोका चुकतो. आपल्याला मिळतो तो रस्त्याचा डावा अर्धा भाग, आणि त्यातलाही मधल्या पट्ट्याजवळचा हिस्सा सोडून. माथेरानच्या रस्त्यावर जुम्मापट्टीच्या वर टॅक्सीवाला वळणात किती आत येतो, हे तिथे एकदा उभं राहून बघा. त्यात पावसाळा. ट्रकमधून सांडलेलं डिझेल पाण्यावर तरंगतं, पांढरेपिवळे पट्टे साबणासारखे होतात, सावलीतल्या वळणावर शेवाळ धरतं, डोंगरातून आलेली माती-खडी नेमकी वळणाच्या आतल्या बाजूला साचते. साठच्या वेगात थांबायला तीसच्या चौपट अंतर लागतं, तेही कोरड्या रस्त्यावर. ओल्या रस्त्याचं अंतर त्याहून जास्त.

पुढच्या ब्रेकवर मी मागेही लिहिलं आहे आणि पुन्हा लिहिणार आहे. आपल्या घराघरांत मुलाला सायकल देताना पहिला उपदेश असतो, “पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील.” कित्येक घरांत दुकानदाराला सांगून पुढचा ब्रेक सैल करून घेतात. तो लेख आल्यावर मला आलेल्या पत्रांत निम्म्या जणांनी आजोबांचा हवाला दिला होता. आजोबांच्या काळात स्टीलच्या चकचकीत रिमा होत्या. त्या ओल्या झाल्या की ब्रेकचं रबर नुसतं घसरायचं, म्हणून घाटात कुठलाच ब्रेक भरवशाचा नव्हता. त्यांचं बरोबर होतं, त्यांच्या सायकलीपुरतं. पण ब्रेक लावला की शरीराचं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं. सायकल थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. फक्त मागचा करकचून दाबणाऱ्याचं चाक लॉक होऊन घसरतं, आणि आपल्या घाटांत पडणारी बहुतेक मुलं अशीच पडतात, असं माझं ठाम मत आहे. आपले सायकलपटू बाहेरच्या शर्यतींत चढावर टिकून उतारावर मागे पडतात, त्याचं मूळही मला या लहानपणच्या उपदेशातच दिसतं. लहानपणी बसलेली भीती तिशीत महागड्या सायकलीनं जात नाही.

यंदा जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली. घाटाच्या पलीकडेच, ४३७ किलोमीटरची, जागतिक संघटनेच्या २.२ दर्जाची. इथून बरेचजण बघायला गेले. परतल्यावर गप्पा निघाल्या त्या चाकांच्या किमतींच्या आणि गिअरच्या. वळणात घोळका कसा लांबतो, मागच्याला प्रत्येक वळणानंतर पुन्हा जोर का लावावा लागतो, म्हणून उताराआधी पुढे येण्यासाठी एवढी झुंबड का उडते, हे डोळ्यांसमोर घडत होतं. एवढं चालून आलेलं शिक्षण आपण फोटो काढण्यात घालवलं, याची मला खंत आहे.

उतरण्याचं शिक्षण दुसरीकडूनही येतं. सायकलपटू टॉम पिडकॉक २०२२ च्या टूरमध्ये गालिबिए घाटावरून ज्या सफाईनं उतरला आणि त्याच दिवशी आल्प द्युएझवर जिंकला, ती सफाई त्यानं डांबरावर कमावलेली नव्हती. चिखलातल्या शर्यतींत, डोंगरातल्या सायकलींवर तो घडला. टोकियोतलं त्याचं ऑलिंपिक सुवर्णही डोंगरातल्याच शर्यतीचं. आणि चिखल तर आपल्याकडे चार महिने फुकट आहे. कशेळे-कडावकडे शेताच्या बांधावरून दुधाचे कॅन लावून सायकल काढणारी मुलं आहेत, ज्यांचं चाक घसरलं तरी खांदे ताठरत नाहीत. कुठल्याही क्लबानं त्यांना आजवर बोलावलेलं नाही. घाट किती मिनिटांत चढलास, एवढाच प्रश्न क्लबांना विचारता येतो.

म्हणून कर्जत-खालापूरच्या सगळ्या सायकल क्लबांना माझी विनंती आहे. घाटाच्या वेळा लावणं पावसाळाभर थांबवा. त्याऐवजी एखाद्या शाळेचं मैदान मागून घ्या, ओल्या मातीवर विटा मांडून वळणं आखा, आणि मुलांना आधी कमी वेगात पुढचा ब्रेक हळूहळू दाबायला शिकवा. बांधावरच्या मुलांना शिकवायला बोलवा, शिकायला नाही. आणि ते दांडीवरचं चित्रण ज्यांच्या मोबाईलवर असेल त्यांनी ते पुढे पाठवू नये. ते पाहणाऱ्यांत सातवी-आठवीतली मुलंही आहेत, आणि येत्या रविवारी घाट ओलाच असणार आहे.